काडी वाहते

तपकीर गल्लीत तपकीर मला तरी कधी दिसली नाही.
वायरींच्या दुकानावरच्या माळ्यावर माझं टेबल,
सोल्डरिंगचा धूर, स्पिरिटचा वास,
आणि ज्यांची डावी काडी वाहते अशी माणसं.
काडी वाहते म्हणजे, अंगठा उचलला तरी
पडद्यावरचा माणूस चालतच राहतो
आपण न सांगितलेल्या दिशेला.

बाकावर तिघं मावतात. चौथा जिन्यात.
भिंतीवर पाटी मीच रंगवून लावलीय :
'गेमचा शेवट सांगणाऱ्यांनी खाली जाऊन सांगावा.'
कोणी जात नाही.

आज अर्शद आला, कॅम्पातल्या बेकरीतून.
त्याच्या बटणांच्या फटीत नेहमी मैदा.
म्हणाला, संपवला एकदाचा. एकशे चाळीस तास.
मिठाच्या वाळवंटातला तो राजा शेवटी मरतो,
पण पाठ करून मरतो. चेहरा दाखवतच नाहीत!
एवढं चालवलं मला त्या मिठातून, आणि चेहरा नाही?
निमिष हसला. मी सहा तासांत उडवला, म्हणाला,
राजाशी बोललोच नाही. भिंतीवरून थेट उडी.
अर्शदने त्याच्याकडे पाहिलं,
लग्नात नुसतं जेवून निघालेल्या माणसाकडे
पाहतात तसं.

हर्षला कोंढाळकर रात्रपाळी करून परस्पर आलेली,
हॉस्पिटलचा पास अजून गळ्यात.
तिचा गेम होडीचा. एक नदी, बारा घाट,
दर घाटावर एक उतारू, त्याचं एक गाठोडं.
मारामारी नाही, गुण नाहीत, कोणी हरत नाही.
"बाराव्या घाटावर म्हातारी उतरते," ती म्हणाली,
"आणि गाठोडं होडीतच विसरते."
जिन्यातून बिडवे सर ओरडले,
"अहो, मी अजून नवव्याला आहे!"
"सॉरी सर. मग बनवणाऱ्यांची नावं सुरू होतात.
मी सगळी वाचली. चहा गार झाला."

"परत नाही गेलीस?" निमिषने विचारलं.
"कुठे परत?"
"नावं वर सरकत असतात ना, तेव्हा वल्हं दाबून ठेवायचं.
नाव वळते.
म्हातारी तिथेच बसलेली असते, पायरीवर."

पंखा तेवढा फिरत होता.
"परत जाता येतं?" ती म्हणाली.
मग जरा वेळाने, "पण ते सांगत का नाहीत?"
निमिष काहीतरी बोलणार होता, बोलला नाही.
अर्शदने पिशवीतली खारी पुढे केली.
मी मान वर केली नाही. आतली स्प्रिंग बारीक असते,
श्वासानेही उडते.

मी स्वतः एकही गेम संपवलेला नाही.
तपासायच्या टीव्हीवर एकच डिस्क, सतरा वर्षं तीच :
धक्का, कंदील, तीन पावलं, बंद दार.
सुरुवात मला पाठ आहे. शेवट हे सांगतात.
मधलं काय ते त्यांच्या अंगठ्यांना ठाऊक,
आणि रबर जिथे झिजतं तिथे थोडं मला.
अर्शदचं पुढे, फक्त पुढे.
निमिषचं सगळीकडून, कडेकडेने.
हर्षलाचं मात्र मधोमध गुळगुळीत,
जसा बराच वेळ अंगठा नुसता टेकवलेला.

नंबर अर्शदचा होता. तिचा आधी केला.
टीव्हीला जोडला. धक्का. कंदील.
अंगठा उचलला आणि साठ आकडे मोजले.
माणूस जागचा हलला नाही.
माझ्या दुकानात पराक्रम तो एवढाच.

साडेतीनशे, मी म्हणालो.
ती पर्स चाचपत निमिषला विचारत होती,
वल्हं म्हणजे नक्की कुठलं बटण,
आणि किती वेळ दाबून ठेवायचं.