चिकट भिंत

शेफील्डला, जुन्या कात्री-कारखान्याच्या वरच्या मजल्यावर
माझं टेबल. टेबलावर कात्री नाही,
कात्रीच्या नुसत्या दोन कड्या
आणि सांध्यात पेढ्याएवढी मोटर.

तिला वीज द्यायची नसते.
तिच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या
की ती अडते.
सुट्या ठेवल्या की भोवऱ्यासारखी मोकळी.
अडवायचं बळ तिचं नव्हेच.
फिरवणाऱ्या बोटांचंच बळ वीज होऊन
बोटांवर उलटतं.
हात थांबला की अडसर संपला.
अगदी सावकाश ढकलाल
तर कापडातून, पत्र्यातून, माझ्या सगळ्या आकडेमोडीतून
आरपार जाल.

एनिड स्टॅनिफोर्थ आज तपासायला आल्या.
एकोणऐंशी वय. खालच्याच मजल्यावर
छत्तीस वर्षं पात्याला पातं जुळवलं,
तेही अंगठ्याने; डोळे खिडकीबाहेर.
शिकाऊ पोरांना तो अंगठा कसा द्यायचा
म्हणून हा सगळा खटाटोप.

त्यांनी कड्या मिटल्या. "फलालीन," म्हणाल्या. बरोबर.
पुन्हा मिटल्या. "ही पाती टोकाशी घासतायत."
तेही बरोबर; ती चूक मी मुद्दाम ठेवली होती.
मग उघडल्या, आणि कपाळाला आठी.
"उघडताना सोडत नाही गं ही.
कात्री अशी नसते. कापते आणि विसरते."

खरंच. ब्रेकला ढकलता येत नाही, ओढता येत नाही,
आणि कोण येतंय, कोण जातंय
हे त्याला मुळीच कळत नाही.
मी एक ओळ वाढवली: कोन उलटला की तारा सोड.
तरी सोळा मिलिसेकंद
बोट निघत नाही,
उंबऱ्यातून पाय निघत नाही तसं.

चार वाजता अंधार पडला. त्यांनी कोट चढवला.
मी सांगितलं, आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत,
'येते' म्हणतात.
त्या हसल्या. "आणि खरंच येणाऱ्याने काय म्हणायचं?"
मग जिन्यातून, इथल्या रीतीने, "टारा, लव्ह!"

मला ऐकू आलं, तारा.
हात आपसूक टेबलाकडे गेला.
दोन्ही टेकलेल्याच होत्या.
कड्या मिटल्या, उघडल्या,
पुन्हा मिटल्या.
उद्या सोळाचे आठ करीन.
त्याहून कमी नको.