दोन मिनिटं

धोपाव्याहून साडेअकराची फेरीबोट दाभोळला लागली
की पंधराव्या मिनिटाला तो दारात.
बुटांना जेटीचा चिखल, गळ्यात टाय,
टायवर खाऱ्या वाऱ्याची पांढरट रेघ.
बाकावरच्या बायका सरकून जागा देतात,
तो बसत नाही. त्याला उभं राहायलाच शिकवलंय.

"मॅडम, दोनच मिनिटं."

पहिल्या वर्षी मी खरंच दोन मिनिटं दिली, घड्याळ बघून.
घड्याळही त्यानेच आणलेलं,
बाराच्या जागी आम्लपित्ताच्या गोळीचं नाव.

चकचकीत पानावर त्याचं बोट फिरतं.
आमच्या खाडीला ओहोटी असते,
त्याच्या आलेखाला नाही.
मी मान डोलावते.
मान डोलवायला पैसे पडत नाहीत
असं मला बरीच वर्षं वाटायचं.

मग द्रौपदी भाटकर रिकामी पट्टी घेऊन आली.
"बाय, तुमी दिलेल्या फुकटच्या सपल्या.
आता ह्याच इकत घ्यायच्या ना?
दुकानवाला धाला एकशे शहाऐंशी सांगतो."
त्या दिवशी तिची अख्खी टोपली दोनशेला गेली होती.
त्याच औषधाची साधी गोळी अठरा रुपयांत मिळते
हे मला पाठ होतं.
हाताला पाठ नव्हतं.

राग मी त्याच्यावर काढला.
तिरकं बोलले. वह्या परत केल्या.
एकदा तर मुद्दाम ताटकळत ठेवलं,
शेवटची बोट सुटेपर्यंत.
तो रात्री कुठे झोपला, विचारलं नाही.

काल तो टायशिवाय आला.
नंबर घेतला, सतरावा, आणि बाकावर बसला.
केसपेपर काढताना पूर्ण नाव पहिल्यांदा कळलं:
अन्वर हुसेन सारंग, वय चव्वेचाळीस.
प्रेशर एकशे ऐंशी, एकशे दहा.
मी दुसऱ्यांदा पट्टा बांधला. तेवढंच.

लिहायला घेतलं तेव्हा तो पुढे वाकला,
आलेख दाखवायला वाकतो तसाच,
आवाज मात्र बाकापर्यंत जाऊ नये एवढा:
"मॅडम, आमची नको. साधी लिहा.
महिनाभर घ्यायची असेल ना?"

महिनाभर नाही, म्हटलं. कायमची.
टेबलावर त्याच्या कंपनीखेरीज पेन सापडेना.
त्यानेच लिहिलं.

जेटीवरून भोंगा झाला.
तो उठला, कागदाची घडी खिशात घातली
आणि दारातून, सवयीने,
"थँक्यू मॅडम. सपोर्ट असू द्या."