न्यूट्रलसुद्धा

नॉर्थ डकोटा, ऑक्टोबर. वारा इथे पोचायच्या आधी दिसतो,
काळी पडलेली सूर्यफुलं शेतभर एका बाजूला लवतात,
मग तो पंपाच्या छताखाली शिरून पत्रा वाजवतो.
ऑर्विल हॉगेन पुठ्ठ्यावर गुडघे टेकून बसलाय,
पॅनेलचं दार उघडं, दातांत टॉर्च.
मी शिकाऊ, तिसरं वर्ष. तारा धरते.

"काळी तुटली पाहिजे. लाल तुटली पाहिजे.
आणि ब्रेटा, पांढरीसुद्धा."

पांढरी म्हणजे न्यूट्रल. कुणाच्या अध्यात ना मध्यात.
घरात तिला आम्ही हातही लावत नाही,
ती आपली मुकाट माघारी जाते.
"इथं कुणी कुठे जोडणी उलटी केली असेल,
तर हीच गरीब गाय शिंग मारेल.
आणि आपल्या बुटांखाली दहा हजार गॅलन आहे."

लाल बटण गल्ल्याजवळच्या भिंतीवर.
बटणाची तार कायम जिवंत,
पलीकडून कुणी आहे, आहे म्हणत राहावं तशी.
आवाज थांबला, मग बटण दाबलेलं असो
की उंदरानं तार कुरतडलेली,
कॉन्टॅक्टर हात सोडून देतो. विचारत बसत नाही.

जुनं बटण होतं काच धुवायच्या निळ्या कॅनांमागे.
जानेवारीत बर्फावरून एक पिकअप घसरली, चार नंबरचा पंप आडवा.
गल्ल्यावरच्या केल्बीनं कॅन बाजूला केले. अकरा.
कुणी न विचारताही तो आकडा सांगतो.
काही पेटलं नाही.
पेटलं नाही, एवढंच.

चार वाजता चाचणी.
ऑर्विल म्हणाला, केल्बी, तूच दाब.

टक्.
आठही पंपांचे आकडे गेले,
कॉफीची जाहिरात अर्ध्या शब्दावर.
नळी हातात धरलेला एक शेतकरी,
"अहो, माझे सत्तावीस डॉलरच झालेत!"
मग तोही गप्प. वर कुठेतरी रानबदकं,
इतका वेळ ती ओरडतच असणार.

परत चालू करायची किल्ली मागच्या खोलीत,
मुद्दाम लांब.
ऑर्विल तिकडे जात नाही. आधी एकेका पंपाशी जातो,
वाकतो, हुंगतो,
चारपाशी जरा जास्त थांबतो.

आत केल्बीचं बोट अजून बटणावरच.
आता काढलं तरी चालतं,
हे त्याला सांगायचं राहूनच गेलं.