दोर सैल होईपर्यंत

आइमो गेला तेव्हा त्याच्या घरून
दोनच गोष्टी माझ्याकडे आल्या:
बर्फाला भोक पाडायचं ड्रिल, आणि हा कुत्रा.
ड्रिल विकलं. कुत्रा कुणी घेईना.

रेमू नाव. आमच्या फिनिशमध्ये रेमू म्हणजे
पिऊन घातलेला धिंगाणा.
नाव ठेवलं त्या रात्री मीही होते तिथं.
सगळ्यांत मोठ्यानं हसले होते.

दारातून सुटला की डावीकडे,
लाँड्रीपाशी उजवीकडे, मग रूळ ओलांडून
कोत्काच्या बंदराकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत,
जिथल्या पिवळ्या दारामागे
त्याला सॉसेजचं टोक मिळायचं
आणि आम्हांला बाकी सगळं.
चाळीस किलोंचं धूड.
एकवीस वर्षं मी क्रेन चालवली,
कंटेनर उचलून अंड्यांसारखे जहाजावर ठेवले,
आणि हा मला पोत्यासारखी फरफटत नेतो
नेमकं तिथंच, जिथं जायचं नाही म्हणून
मी सकाळपासून भांडी घासतेय,
घासलेलीच.

मेर्वी शिकवायला येते. तेवीस वर्षांची, भुवईत बाळी.
म्हणते, ओरडू नका. उलट ओढूही नका.
दोर ताणला की उभं राहायचं. नुसतं.
सैल झाला की एक पाऊल.
पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत पोचायला
पन्नास मिनिटं.
उणे अठरा. पापण्यांवर बर्फाची कणी.
समोरची म्हातारी लेम्पी खिडकीतून बघत होती,
आणि तिच्या मनात काय चाललंय ते मला इथूनही ऐकू येत होतं:
पुन्हा प्यायलीय. हलताही येईना.

दवाखान्यातली नर्स तेच सांगते, निराळ्या शब्दांत.
लाट येते, वीसेक मिनिटं राहते, ओसरते.
तोवर थांबायचं.
मी विचारलं, आणि बिस्कीट कोण देणार?
ती हसली नाही. लिहून घेतलं.

एकाहत्तराव्या दिवशी
मी दोर ताणू दिला.
खोटं कशाला बोलू. मनगट मीच ढिलं सोडलं.
त्यानं ओढलं, मी गेले,
वाटेत पोस्टमन भेटला त्याला म्हणालेसुद्धा,
बघा ना, ऐकतच नाही मेला.
पिवळ्या दाराशी, पायपुसण्यावर,
सवयीनं तोंडातून निघालं: बस.
आणि तो बसला.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा,
एका शब्दात.
मी आत.

'मोकळा' असा शब्द शिकवलाय त्याला.
तो ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

बाहेर आले तेव्हा आतल्या खुर्च्या टेबलांवर चढत होत्या.
तो तिथंच. पाठीवर चार बोटं बर्फ.
कुणीतरी टाकलेलं सॉसेजचं टोक
त्याच्या जिभेपासून वीतभर लांब,
दगड झालेलं.
थरथरत होता. उठला नव्हता.

शब्द सापडेना. मग सापडला तर जीभ वळेना.
मोकळा. मोकळा रे.
तिसऱ्यांदा कुठं नीट उमटला.

मेर्वीला सांगितलं. ती कुत्र्यापाशी खाली बसली
आणि बराच वेळ त्याचे पंजेच तपासत राहिली.
नर्सला सांगितलं.
कॅलेंडरवर पुन्हा एक लिहिला,
बारीक अक्षरात.

आज नववा. लाँड्रीपाशी उभे आहोत.
दोर तारेसारखा.
त्याला उजवीकडे जायचंय.
मला कुठं जायचंय ते विचारू नका.
लेम्पी खिडकीत. मी हात केला.
तिनं कप उचलला;
मला दाखवला, की घोट घेतला,
काचेच्या वाफेतून कळलं नाही.

आणि आत्ता, हे बघा,
रेमू अर्धं पाऊल मागं आलाय,
कदाचित घसरला असेल,
पण दोर लोंबतोय.
बिस्कीट खिशातच आहे माझ्या.
बोटं बधिर झालीत.
थांब, राजा. शोधतेय.