छाणी जकातनाका

रिक्षावाले अजून ओरडतात, जकातनाका, जकातनाका,
आणि मी मान वर करतो
जणू कुणी घरच्या नावाने हाक मारली.

सव्वीस वर्षं या शहराच्या तोंडाशी बसलो.
दीड फुटाची खिडकी, दोन कार्बन, जांभळ्या शाईचं पॅड,
बाहेर अंबालाल, हातात बंबी,
पोत्याच्या पोटात खुपसून दाणा काढणारा.
बडोदं उद्या काय खाणार, मला आदल्या रात्री कळायचं.
उंझ्याचं जिरं, मोरबीच्या फरशा, खुर्ज्याच्या बरण्या.
लग्नसराई पंचांगाआधी माझ्या रजिस्टरात लागायची.
कागदावर कापूस, कापसाखाली सिगारेटी,
आणि ड्रायव्हर अंबामातेची शपथ घ्यायचे.
खोटं कशाला सांगू,
चहापाणी मिळालं की एखाद्या शपथेवर माझाही विश्वास बसायचा.

पहाटे चारला गल्ला मोजायचो. नोटा दमट,
कुणाकुणाच्या घामाच्या.
पेटी जीपमधून खंडेराव मार्केटला जायची
आणि तिचं पुढे दांडिया बाजारात डांबर व्हायचं,
गोत्रीत नळ,
जशीबेनचा झाडू, जशीबेनची पगारी रजा.

मग नोव्हेंबरात गांधीनगरचा हुकूम आला.
रात्री बाराला दांडा वर केला, तो वरच राहिला.
ट्रकवाल्यांनी फटाके लावले, मलाही पेढा दिला.
मी खाल्ला. चांगला होता.
त्यांचं काही चुकलं नाही;
माझ्या खिडकीसमोर रात्र रात्र टोमॅटो नासायचे.

पण तेव्हापासून
शहर आपल्या तोंडाने जेवलं नाही.
वरून बाटली लावतात, ग्रँटची.
थेंब थेंब,
मार्चअखेरीला एकदम धार,
कधी सिस्टर बदलायचीच विसरते.
भाव उतरतील म्हणाले होते. मंदाकिनीने वर्षभर
जिऱ्याच्या पुडीवर नजर ठेवली; आकडा जागचा हलला नाही.
घरवेरा हलला. पाण्याचा वेगळा कागद आला.
जशीबेन गेली, तिची सून तोच रस्ता झाडते
ठेकेदाराच्या हजेरीवर.
पगाराचं विचारलं की तो म्हणतो, ग्रँट आवी नथी.

मला जन्ममरण विभागात पाठवलं.
जांभळं पॅड मी बरोबर नेलं.
पहिल्याच दिवशी खिडकीत एक बाप उभा,
आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं,
माल काय?
तो दचकला. मग म्हणाला, मुलगी. अडीच किलो.
मी लिहून घेतलं.

मुलगा हल्ली फोनवर दाखवतो, ट्रक कसा
कुठेही न थांबता नाशिकहून सुरतेला जातो.
कर आहेच बाबा, म्हणतो, फक्त खिडकी नाही.
असेल.
मला खिडकीशिवाय कुणाला शिव्या द्यायच्या ते कळत नाही,
ट्रकवाल्यांना निदान माझं थोबाड पाठ होतं.

आज जकातनाक्याला उतरलो.
दांड्याचा सिमेंटचा पाया अजून आहे,
त्याला एका रसवाल्याने छत्री बांधलीय.
ऊस चरकात गेला, एक ग्लास आला, दहा रुपये.
पोराने माझा फोन हातात घेऊन पैसे भरून दिले
आणि गाड्यावरची डबी मोठ्याने बोलली,
दस रुपये प्राप्त हुए.
सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं.
मी उगाच थोडा वेळ थांबलो,
शिक्का मारल्याचा आवाज येईल म्हणून.