डिझेलचं बिल

टोकेकरबाईंचा हिशेब मी सव्वीस वर्षं लिहिला,
इंदूरला, जेलरोडवर, घड्याळवाल्याच्या वरच्या खोलीत,
जिथे उन्हाळ्यात शाईलासुद्धा ग्लानी यायची.

पहिल्या पानावर एकच नोंद: कॅमेरा, उसना.
लग्नघरी मुहूर्ताच्या तासभर आधी पोचायचं,
मंगलाष्टकं संपेपर्यंत खांदा हलवायचा नाही,
आणि मुलीच्या बापाचे डोळे भरून आले
की कॅमेरा हळूच छताच्या झालरींकडे न्यायचा.
"ते त्यांचं आहे," बाई म्हणत,
"आपण पैसे लग्नाचे घेतलेत."
गिऱ्हाइकं तक्रार करत.
धाकट्या मुलीच्या लग्नालाही आम्हालाच बोलावत.

मग तारा आल्या.
रामबागेतून नारायणबागेपर्यंत, गच्चीवरून गच्चीवर,
कुणाच्या वाळत्या पापडांवरून,
महिना साठ रुपये.
वानरानं तार ओढली की बाई पदर खोचून स्वतः शिडी चढत
आणि खालून अख्खी गल्ली ओरडे,
आलं भिया! गेलं! आलं, आलं, हात काढू नका!
रात्री साडेआठला अर्धा तास शहराच्या बातम्या.
नळ कुठे आला नाही, म्हैस कुणाची हरवली.
सापडली, तर तेही सांगायचं.
हरवल्याची बातमी देऊन गप्प बसणं
बाईंना उधारी बुडवल्यासारखं वाटे.

एके दिवशी मोठ्या कंपनीचा माणूस आला.
बूट बाहेर न काढता बसला.
अकरा लाख चाळीस हजार.
मी मनात एक घर बांधूनही टाकलं,
दोन खोल्या, मागे कढीपत्ता.
बाईंनी सिनेमा काढला.

एका हमालाचा.
आयुष्यभर ज्यानं रिळांच्या पेट्या
धारच्या, खंडव्याच्या बसवर चढवल्या
आणि एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही.

आता हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
सरवटे बसस्टँडमागे रात्रीचं काम होतं.
यादीत डिझेल साठ लिटर.
मी पोराला म्हटलं, चाळीस आण, पुरेल.
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी जनरेटर
दोनदा खोकला आणि बसला.
दिवे गेले.
कॅमेरा बॅटरीवर, चालूच.
आणि तो नट, देवासचा, शाळामास्तर,
अंधारात थांबलाच नाही, बोलत राहिला
बायकोला न लिहिलेल्या पत्राबद्दल.
कुणी शिंकलंसुद्धा नाही.
एक मिनिट वीस सेकंद.
बाई म्हणाल्या, "हे ठेवायचं."

पुढे कुठल्याशा महोत्सवात
दाढीवाला एक गृहस्थ उठून उभा राहिला.
"तो काळोख! एवढं धाडस कुठून आणलंत?"
बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
मी माझ्या चपलांकडे.

इथे एकाच थेटरात लागला, सकाळी नऊचा खेळ,
सात दिवस.
शेवटच्या दिवशी अकरा माणसं,
त्यातला एक गारव्याला आलेला.
तोट्याचा आकडा मी शिसपेन्सिलीनं लिहिला,
म्हटलं, पुढेमागे खोडता येईल.
अजून आहे तो. पुसट, पण वाचता येतो.

गेल्या गुरुवारी फोन.
"सुपेकर, नवी वही घेऊन या."
बाई आता एकाहत्तरच्या.
जिन्यात दोनदा थांबतात, तिसऱ्यांदा
थांबल्याचं कळू नये म्हणून भिंतीवरचं काहीतरी वाचतात.
मी पानावर हळदीचं बोट टेकवलं, तारीख घातली,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं,
"डिझेल किती धरू?"

बाई चष्मा पुसत होत्या.
बराच वेळ पुसत राहिल्या.
"चाळीस," म्हणाल्या.