दोन शब्द

मला इथे दोनच शब्द बोलायची मुभा आहे.
"जा" आणि "मागे".
तेही कुणी विचारलं तर.

बाकी वेळ मी बर्फात रोवलेल्या खुंटासारखी उभी.
अकराव्या दारापासून सोळाव्यापर्यंतचा उतार माझ्या हद्दीत,
गळ्यात पुठ्ठा, पुठ्ठ्याला दोरीने बांधलेली पेन्सिल.
शाई गोठते.
पहिल्या वर्षी पेन आणलं होतं,
पंधरा मुलं नुसत्या ओरखड्यांनी नोंदवली.

मागे कारावांकेची धार, तिच्या पलीकडे ऑस्ट्रिया.
रात्री उतारावर पाणी मारलंय,
पाय टेकला की काचेच्या ताटासारखा वाजतो.
लाल दांडी, निळी दांडी, लाल, निळी.
उजाडताच मुलं मार्ग पाठ करायला आली,
डोळे मिटून, तळवे स्कीसारखे वळवत,
परीक्षेआधी पाढे घोकावेत तशी पुटपुटत.
ब्रेदा त्यांना शिकवते. ती एवढंच म्हणाली,
चौदाव्याला घाई करू नका.

चौदाव्याला सगळेच घाई करतात.

सत्तावीस नंबर. तिंकारा. वय नऊ.
हेल्मेट थोरल्या भावाचं,
आत मोज्यांचा बोळा कोंबून बसवलेलं.
चौदाव्याला तिची कड सुटली,
दांडीच्या भलत्याच बाजूने गेली, आणि थांबली.
घड्याळ चालूच.
तिने माझ्याकडे पाहिलं.
पाहणं म्हणजे विचारणं नव्हे.
मी पुठ्ठा छातीशी धरला, जीभ दातांखाली.
एक सेकंद. दोन. तीन.
सेकंदाच्या शंभराव्या भागावर इथे पदकं ठरतात
आणि आम्ही दोघी
लग्नात चुकीच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्यांसारख्या
एकमेकींकडे बघत.
मग हेल्मेटातून बारीक आवाज:
"आजी, बरोबर गेले का?"

आजी! मी बावन्न वर्षांची आहे.

"मागे."

ती आडवी वळली,
कडा बर्फात ठोकत खेकड्यासारखी वर चढली,
अकरा पावलं, मी मोजली,
दांडीला वळसा घातला आणि गेली.
खाली फलकावर सगळ्यांत शेवटचा आकडा लागला.
तिने दोन्ही हात वर केले,
जणू फलक खालून वर वाचतात.

दुपारी मोठ्यांची पाळी.
मुलांनी कोरलेल्या चरांतून आता
पाठदुखी उतरते, घराचे हप्ते उतरतात,
एक दंतवैद्य, दोन ट्रकवाले,
आणि साठीच्या गटात आमचा नळवाला ओझ्बेय.
डाव्या गुडघ्यात दोन स्क्रू,
अंगाला चिकटलेला पोशाख
आणि पोट, स्वतंत्र नाव नोंदवून आल्यासारखं.
पण उतरतो कसा!
नडगीने दांड्या आडव्या करत,
वीस वर्षं त्याला पाहतेय, वळण आधी त्याच्या कमरेला कळतं.
चौदाव्याला
दांडी त्याच्या दोन्ही स्कींच्या मधून गेली.
पापणी लवेपर्यंत.
कॅमेरा वगैरे नाही इथे. खाली टाळ्या चालू.
त्याला कळलं.
माणसाला कळलेलं पाठीवरून दिसतं,
खांदे किंचित विचारात पडतात.
त्याने विचारलं नाही.
मी बोलले नाही.
चौकटीत तीन रेघा काढल्या:
ही दांडी, हा डावा पाय, हा उजवा.

संध्याकाळी खानावळीत बक्षिसं.
दुसऱ्या क्रमांकाला ब्रेदाचं बोट कागदावर अडखळलं
आणि दुसऱ्याच कुणाचं नाव निघालं.
ओझ्बेय चहा घेऊन माझ्या बाकावर बसला.
"दिसलं?"
"दिसलं."
"मला वाटलं, उन्हाने तुझे डोळे..."
दिवसभर ऊन नव्हतं.
पलीकडे तिंकारा सगळ्यांना सांगत होती,
मी वीस पावलं चढले, वीस.
मी पुठ्ठा पालथा ठेवला.

सोमवारी माझा बॉयलर बंद पडला.
तोच आला, गावात दुसरा आहे कोण.
तळघरात, टॉर्च काखेत धरून,
दोन पाइपांच्या मधे हात घालून म्हणाला,
"हा फिरवू का?"
मी पायऱ्यांवरून म्हटलं, "मागे."
टॉर्च खाली पडला.
अंधारातून बराच वेळ आवाज येत राहिला,
तो हसत होता की शिव्या देत होता
हे मला अजून समजलेलं नाही.